आपल्या घरातले गाणे कोण निवडतो?

(नेरूळ येथे नवदीक्षित बौद्ध कुटुंबांच्या मेळाव्यात झालेल्या भाषणाचा मजकूर)



धम्मदीक्षा घेतल्यानंतर पुष्कळ घरांतून एक प्रश्न विचारला जातो. तो विद्वानांच्या सभेत निघत नाही, स्वयंपाकघरात निघतो, आणि बहुधा घरातील आईच तो विचारते. देव्हारा उतरवला, बावीस प्रतिज्ञा घेतल्या, भिंतीवर तथागतांची आणि बाबासाहेबांची प्रतिमा आली. हे सर्व झाले. पण उद्या सकाळी घरात गाणे कोणते लावायचे? कालपर्यंत पहाटे आरती होती, एकादशीला भजन होते, बारशाला पाळणा होता, लग्नात मंगलाष्टके होती. ती सारी गाणी ज्या देवांची होती, ते देव आपण विचारपूर्वक सोडले. मग गळ्याने आता काय गावे?

हा प्रश्न क्षुल्लक मानू नका. मनुष्य ग्रंथ वाचतो तो कधीतरी; गाणे मात्र तो रोज ऐकतो, आणि लहान मूल तर अक्षर ओळखण्यापूर्वीच गाणे ओळखते. धर्मांतर ज्या घराच्या गाण्यात उतरले नाही, त्या घरातील मुलांच्या मनातही ते पुरते उतरत नाही. म्हणून आज मी आपल्याशी याच विषयावर बोलणार आहे. नवे गाणे आपल्यापर्यंत पूर्वी कसे येई, इंटरनेटने त्यात कोणता पालट केला, आणि त्या पालटात आपण काय जपले पाहिजे, हा माझा विषय आहे.

प्रारंभी एक शंका दूर करतो. उपोसथाच्या दिवशी जे अष्टशील घेतात, त्यांच्या नियमांत नृत्य, गीत आणि वादन यांपासून दूर राहण्याचा नियम आहे. यावरून काही जणांस वाटते की बौद्धाने गाऊच नये. हा समज चुकीचा आहे. तो नियम त्या दिवसापुरता, त्या साधनेपुरता आहे. गृहस्थाच्या नित्याच्या पंचशीलात तो नाही. दीघनिकायातील सक्कपञ्ह सुत्तात पंचशिख नावाचा गंधर्व वीणा वाजवून भगवंतापुढे गातो, आणि त्याच्या तारेचा स्वर गळ्याशी व गळ्याचा स्वर तारेशी जुळतो म्हणून भगवंत त्याची प्रशंसा करतात. स्वतः बाबासाहेब उत्तरायुष्यात व्हायोलिन शिकत होते. तेव्हा गाणे आपल्याला वर्ज्य नाही. प्रश्न आहे तो कोणते गाणे, आणि ते कोणी निवडायचे, एवढाच.

आता थोडे मागे जाऊन पाहू. जोतिराव फुल्यांनी १८७३ साली सत्यशोधक समाज स्थापन केला आणि पुढे त्या चळवळीने जलसा हे साधन हाती घेतले. तमाशाचा साचा खेडुतांच्या ओळखीचा होता. त्यातील उथळ थट्टा बाजूला सारून शिक्षण, सावकारी आणि भटशाही हे विषय त्यात आणले गेले. १९३० च्या सुमारास हाच मार्ग आंबेडकरी जलशांनी पुढे नेला. नाशिककडील भीमराव कर्डक आणि त्यांच्यासारखे अनेक शाहीर डफ-ढोलकी घेऊन गावोगाव गेले. मंदिरप्रवेश, पाणवठ्याचा हक्क, मृत मांस सोडणे, मुलाला शाळेत घालणे हे त्यांचे विषय. जेथे वर्तमानपत्र पोचत नव्हते आणि पोचले तरी वाचणारा कोणी नव्हता, तेथे जलसा पोचत होता. भीमराव कर्डकांनी पुढे ‘आंबेडकरी जलसे : स्वरूप व कार्य’ हे पुस्तकही लिहून ठेवले.

त्यांच्यामागून वामनदादा आले. वामनदादा कर्डक हे १९२२ साली सिन्नर तालुक्यातील देशवंडी येथे जन्मले. बालपणी शाळा त्यांच्या वाट्याला आली नाही. मुंबईत कष्टाची कामे करीत असता मोठेपणी ते अक्षरे शिकले. ज्याला उमेदीच्या वयापर्यंत वाचता येत नव्हते, त्या माणसाने पुढे हजारो गीते लिहिली आणि ती स्वतः गावोगाव फिरून गायिली. भीमजयंतीला, बुद्धजयंतीला चाळीच्या पटांगणात पेटी-ढोलकीसह गायन पार्टी बसे, कधी दोन पार्ट्यांचा जंगी सामना होई, आणि पहाटेपर्यंत माणसे हलत नसत. ६ डिसेंबरला चैत्यभूमीवर आणि दसऱ्याला दीक्षाभूमीवर गीतांच्या छोट्या पुस्तिका विकत मिळत. एक पुस्तिका गावी नेली की तिच्यावर साऱ्या वस्तीची वर्षभराची गाणी होत. १९८० च्या दशकात ध्वनिफितीची कॅसेट स्वस्त झाली आणि प्रल्हाद शिंदे, विठ्ठल उमप यांचे आवाज घरोघर पोचले.

या सर्व काळात एक गोष्ट समान होती. गाणे तुमच्यापर्यंत माणसाच्या हातून येत होते. कोणी मामा चैत्यभूमीहून पुस्तिका आणी, कोणी शेजारी कॅसेट देई, कोणी शाहीर वस्तीत येई. गाणे देणारा तुम्हाला ओळखत होता, आणि ते कोणी लिहिले हेही त्याला बहुधा ठाऊक असे.

परंतु या व्यवस्थेची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. ज्या वस्तीत शाहीर आला, तेथेच गाणे आले. ज्या वस्तीत तो गेला नाही, तेथे ते गेलेच नाही. आज आपल्यापैकी काही कुटुंबे अशा समाजांतून धम्मात आली आहेत की ज्यांच्या वाडीवर आंबेडकरी जलसा कधी झाला नाही, ज्यांच्या आजोबांनी वामनदादांचे नाव ऐकले नाही. २००७ च्या मे महिन्यात मुंबईत महालक्ष्मीच्या मैदानावर भटक्या-विमुक्त समाजांतील लोकांनी मोठ्या संख्येने दीक्षा घेतली. त्यांच्या पालावर ही कॅसेट कोण घेऊन गेले होते? आकाशवाणीवर गावयाचे तर स्वरचाचणी द्यावी लागे, ध्वनिमुद्रण करावयाचे तर कंपनीचा होकार लागे. गाण्याच्या वाटेवरही वेशी होत्या, आणि वेशीवर कोण उभे असे, हे आपणाला वेगळे सांगावयास नको.

आपले नेरूळही या संदर्भात पाहण्यासारखे आहे. १९७० साली सिडकोची स्थापना झाली, १९९३ साली लोकल गाडी नेरूळपर्यंत आली, आणि विदर्भ, मराठवाडा, खानदेश, कोकण अशा नाना ठिकाणची माणसे येथे येऊन राहिली. गावातील वस्तीत भिंतीला भिंत लागून एकच समाज राहत होता. येथे एकाच जिन्यावर चार जिल्हे राहतात. हे चांगलेच झाले. जातीची वस्ती मोडावी हे तर आपले ध्येयच आहे. मात्र वस्तीबरोबर पटांगणही गेले, आणि पटांगणाबरोबर रात्रभर चालणारे गायनही विरळ झाले. इमारतीतील एकट्या नवदीक्षित कुटुंबाला गाणे आणून देणारा मामा शेजारी राहिला नाही.

ही पोकळी इंटरनेटने भरली. आपल्या देशात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट १५ ऑगस्ट १९९५ पासून सुरू झाले. यूट्यूब २००५ साली निघाले. पण गरिबाच्या हाती ते खऱ्या अर्थाने आले ते २०१६ च्या सप्टेंबरनंतर, जेव्हा जिओची सेवा सुरू झाली आणि डेटाचे दर कोसळले. त्या कंपनीचे मुख्य कार्यालय आपल्याच नवी मुंबईत, घणसोलीला आहे. तेव्हापासून घरकाम करणाऱ्या बाईच्या मोबाईलवरही जगातील गाणे वाजू लागले.

याचा लाभ किती मोठा आहे ते दोन-तीन उदाहरणांनी सांगतो. छत्रपती संभाजीनगरच्या कडुबाई खरात या एकतारीवर बाबासाहेबांची गीते गात दारोदार फिरणाऱ्या बाई. त्यांच्यामागे कंपनी नव्हती, वशिला नव्हता. कोणीतरी मोबाईलवर त्यांचे गाणे चित्रित केले, आणि तो आवाज महाराष्ट्रभर गेला. आकाशवाणीच्या वा कंपनीच्या दारात त्यांना उभे राहावे लागले नाही.

दुसरे उदाहरण जात्यावरील ओव्यांचे. हेमा राईरकर आणि गी पॉइत्व्हँ यांनी महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांतील स्त्रियांच्या एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. आज त्या पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया या संस्थेच्या संकेतस्थळावर ऐकावयास व पाहावयास मिळतात. त्यांत बाबासाहेबांवरील आणि रमाईवरील ओव्याही आहेत. आपले नाव कागदावर कधी लिहिले जाईल असे ज्यांना वाटलेही नसेल, त्या आयाबायांनी दळता दळता रचलेली ही गाणी आहेत. ज्या आईने मला विचारावे की पाळण्यापाशी आता काय गाऊ, तिला मी प्रथम या ओव्या ऐकावयास सांगेन.

तिसरे उदाहरण महाराष्ट्राबाहेरचे. जालंधरची गिन्नी माही ही तरुण मुलगी पंजाबीत बाबासाहेबांची गीते गाते, आणि २०१६ पासून तिचे नाव इंटरनेटमुळेच देशभर झाले. मद्रासकडे २०१७ साली पा. रंजित यांच्या पुढाकाराने ‘द कास्टलेस कलेक्टिव्ह’ हा गायकवादकांचा संघ उभा राहिला. त्याचे नाव ज्यांच्या वचनावरून घेतले, त्या पंडित अयोती दास यांनी १८९८ सालीच बौद्ध धम्म स्वीकारला होता. नागपूरच्या दीक्षेपूर्वी अठ्ठावन्न वर्षे! आपला तमिळ भाऊ आपल्या आधी धम्माच्या वाटेला लागला होता ही गोष्ट आपल्या मुलांना एका गाण्याच्या निमित्ताने कळते, हे काही थोडे नाही.

येथवर झाला लाभ. आता सावध होण्याची गोष्ट.

मोबाईलवर एक गाणे संपले की दुसरे आपोआप सुरू होते. ते कोण निवडतो? मामा निवडत नाही, शाहीर निवडत नाही. एक हिशेबी यंत्रणा निवडते. तिची रीत समजण्यास अवघड नाही. तुम्ही पूर्वी काय ऐकले, किती वेळ ऐकले, काय अर्ध्यावर सोडले याची ती नोंद ठेवते. तुमच्यासारखेच ऐकणाऱ्या इतर हजारो लोकांनी पुढे काय ऐकले ते पाहते, आणि तेच तुमच्यापुढे ठेवते. त्या यंत्रणेला धम्म कळत नाही आणि अधम्मही कळत नाही. तुम्ही अधिक वेळ ऐकत राहावे एवढेच तिला हवे असते, कारण त्यावर जाहिरातीचा व्यापार चालतो.

याचा परिणाम नवदीक्षित घरात कसा होतो ते पाहा. प्रल्हाद शिंदे यांनी भीमगीते गायिली तशीच विठ्ठलाची भजने आणि गणपतीची गाणीही गायिली. त्यात त्यांचा दोष काढण्याचे कारण नाही. गाणे हीच त्यांची भाकरी होती. पण आपल्या घरात सकाळी त्यांचे भीमगीत लावून आई कामाला लागते, आणि तीन-चार गाण्यांनंतर तोच गोड आवाज गणपतीची आरती म्हणू लागतो. आईचे हात पिठात असतात. मूल ऐकत असते. बावीस प्रतिज्ञांत जे आपण सोडले, ते कोणी न बोलावता घरात परत येते.

आणि ही यंत्रणा असे का करते? ती तुमच्या कालच्या ऐकण्यावरून तुमचे उद्याचे ऐकणे ठरवते म्हणून. ज्याने आपला काल जाणूनबुजून मागे टाकला, त्याच्यासाठी ही रीत विशेष घातक आहे. जन्मावरून माणसाचे पुढचे आयुष्य ठरवू नये, म्हणून आपण धर्मांतर केले. मग ज्या फोनमध्ये गतवर्षीच्या भजनांची नोंद आहे, त्या फोनने आपल्या मुलाचे उद्याचे गाणे ठरवावे काय?

भगवंतांनी कालामांना जे सांगितले ते येथे तंतोतंत लागू पडते. केसपुत्त नगरीचे कालाम लोक गोंधळले होते. एक गुरू येई व आपलेच खरे म्हणे, दुसरा येई व त्याला खोटे पाडी. भगवंतांनी त्यांना सांगितले की, एखादी गोष्ट वारंवार कानावर पडते म्हणून ती स्वीकारू नका. परंपरेने आली म्हणून, ग्रंथात आहे म्हणून, किंवा सांगणारा गुरू आहे म्हणूनही स्वीकारू नका. ती कुशल आहे की अकुशल, तिच्याने हित होते की अहित, हे स्वतः तपासा आणि मग स्वीकारा. आज वारंवार कानावर घालणारे यंत्रच घरात आले आहे. कोट्यवधी वेळा ऐकले गेले, हा आकडा गाणे चांगले असल्याचा पुरावा नव्हे.

ही कसोटी आपल्या स्वतःच्या गाण्यांनाही लावा. बाबासाहेबांच्या नावाची सगळीच गीते बाबासाहेबांच्या विचाराची असतात असे नाही. काही गीतांत त्यांना अवतार ठरवले जाते, नवस फेडणारा देव केले जाते. काहींत दुसऱ्या समाजाला केवळ डिवचण्याची भाषा असते. अशी गीते ठेक्यामुळे झपाट्याने पसरतात. ती ऐकताना स्वतःस विचारा : या गीताने माझ्या मुलाला शिक्षणाची, शीलाची, मैत्रीची ओढ लागेल काय? उत्तर नकारार्थी असेल तर ते गीत कितीही गाजलेले असो, बाजूला ठेवा.

आणखी एक गंभीर गोष्ट बोलली पाहिजे. गाणे सहज सापडते म्हणजे ते सहज वाजवता येते, असे समजू नका. २०१५ च्या मे महिन्यात शिर्डीत एका दलित विद्यार्थ्याच्या मोबाईलवर बाबासाहेबांच्या गीताची रिंगटोन वाजली. तेवढ्यावरून वाद काढून त्याचा खून करण्यात आला. गाणे खिशात होते, कोणाच्या दारात नव्हते. त्या तरुणाची आठवण ठेवूनच आपण आपले फोन हातात घेतले पाहिजेत. मी तुम्हाला भिऊन गाणे बंद करा असे सांगत नाही. उलट हे सांगतो की, आपले गाणे हा संविधानाने दिलेल्या अभिव्यक्तीच्या हक्काचा भाग आहे. आणि कोणी त्यावरून धमकावले, मारहाण केली, तर आपसात मिटवू नका. अत्याचार प्रतिबंधक कायदा १९८९ पासून आहे, त्याखाली तक्रार नोंदवा. येथे एक बारकावा ध्यानात ठेवा : १९९० च्या दुरुस्तीने अनुसूचित जातींतून बौद्ध झालेल्यांचे अनुसूचित जातीचे हक्क कायम राखले आहेत. धर्मांतराने ते संरक्षण गेले, असे कोणी सांगितल्यास विश्वास ठेवू नका.

हक्काचीच आणखी एक बाब. इंटरनेटवर भीमगीते असंख्य आहेत, पण गीतकाराचे नाव पुष्कळदा नसते. गाणाऱ्याचे नाव असते, गाणे चढवणाऱ्याचे नाव मोठ्या अक्षरांत असते, आणि ज्याने शब्द लिहिले तो बेपत्ता असतो. जाहिरातीचे उत्पन्न झालेच तर ते चढवणाऱ्याच्या खात्यात जाऊ शकते. पूर्वी आमच्या पूर्वजांच्या श्रमाचे फळ दुसरा नेई. आता आमच्या शाहिराच्या शब्दाचे फळ दुसऱ्याने न्यावे, आणि कधी कधी तो दुसरा आपल्यातीलच असावा, ही लाजिरवाणी गोष्ट आहे. कायदा शाहिराच्या बाजूचा आहे. १९५७ च्या प्रताधिकार कायद्यानुसार गीतावरील हक्क गीतकाराच्या मृत्यूनंतर साठ वर्षे राहतो. वामनदादा २००४ साली गेले. तेव्हा त्यांच्या गीतांवरील हक्क २०६४ च्या अखेरपर्यंत टिकतो. २०१२ च्या दुरुस्तीने गीतकाराचा मानधनातील समान वाट्याचा हक्क त्याच्याकडून कायमचा लिहून घेता येणार नाही असे ठरवले. आणि कलम ५७ प्रमाणे, गीत विकले तरी त्यावर आपले नाव असण्याचा हक्क गीतकाराकडेच राहतो. ज्यांच्या घरात कोणी शाहीर होऊन गेला असेल, त्यांनी त्याच्या वह्या आजच कपाटातून काढाव्यात, गीतांची यादी करावी, आणि तारखा लिहून ठेवाव्यात.

आता तरुणांविषयी दोन शब्द. २०२५ च्या जानेवारीत आपल्या नेरूळच्या डॉ. डी. वाय. पाटील क्रीडांगणावर कोल्डप्ले या इंग्रजी वाद्यवृंदाचे तीन कार्यक्रम झाले. आदल्या सप्टेंबरात त्याची तिकिटे निघाली तेव्हा इंटरनेटवर एक कोटीहून अधिक लोकांची रांग लागली. त्या दिवसांत आपलीही मुले ती गाणी गुणगुणत होती, आणि काही वडीलधाऱ्यांना ते रुचले नाही. मी म्हणतो, गुणगुणू द्या. जगातले सुंदर ते ऐकण्याचा आपल्या मुलांना पूर्ण अधिकार आहे. ज्यांच्या पूर्वजांना देवळातले भजन बाहेर उभे राहून ऐकावे लागले, त्यांच्या मुलांनी जगातील कोणत्याही गाण्याच्या दारात अडून राहू नये. माझे मागणे एवढेच आहे की, ज्या उत्साहाने ते लंडनचे गाणे शोधून काढतात, त्याच उत्साहाने त्यांनी देशवंडीचेही शोधावे. यंत्र ते आपण होऊन पुढे आणणार नाही. नाव टाकून शोधावे लागेल.

शेवटी, घरी गेल्यावर करावयाच्या चार गोष्टी सांगतो.

पहिली, आपोआप पुढचे गाणे लागण्याची सोय फोनमध्ये बंद करता येते. ती बंद करा. मुलाला सांगा, तो एका मिनिटात करून देईल. दुसरी, घरातील सर्वांनी बसून दहा गाण्यांची आपली यादी करा. प्रत्येक गाणे आधी पूर्ण ऐका, त्याचा अर्थ बोला, मगच यादीत घ्या. तिसरी, प्रत्येक गाण्यापुढे गीतकाराचे नाव वहीत लिहा. सापडले नाही तर विहारातील वृद्धांना विचारा. त्या निमित्ताने मूल आणि म्हातारा एकमेकांशी बोलतील. चौथी आणि सर्वांत महत्त्वाची : पौर्णिमेला त्यांतील एक गाणे फोन बंद करून स्वतःच्या गळ्याने गा. सूर चुकला तरी चालेल. १९५६ साली बाबासाहेबांनी ‘बौद्ध पूजा पाठ’ ही पुस्तिका काढली ती लोकांनी ऐकत बसावे म्हणून नव्हे, लोकांनी स्वतः म्हणावे म्हणून.

आणि आपल्या घरात एखादी आजी असेल, जिला जात्यावरच्या ओव्या येत असतील, तर तिच्यापुढे फोन धरा आणि तिचा आवाज नोंदवून घ्या. कदाचित ती म्हणेल, माझे काय ऐकायचे? तरीही धरा. आजवर आपण दुसऱ्यांचे गाणे शोधत आलो. उद्या दूर कोठेतरी एखादे नवदीक्षित कुटुंब त्याच प्रश्नाने अडून बसलेले असेल, की घरात काय गावे. आणि त्याला सापडणारे गाणे नेरूळच्या आपल्या आजीचे असू शकेल.

एवढे बोलून मी आपली रजा घेतो. नमो बुद्धाय. जय भीम.